एकदा मोजून भागत नाही

मी भांडखोर माणूस नाही. निवृत्त झाल्यापासून तर घरातसुद्धा माझा आवाज फारसा चढत नाही. परंतु यंदाच्या विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीला, आळेफाट्यावरील एस.टी.च्या बाकावर अर्ध्या तासात मला दोन वाक्ये ऐकावी लागली, आणि त्या दोन्ही वाक्यांशी तेव्हापासून माझे भांडण चालू आहे. दिवाळीच्या फराळात भांडण वाढणे शिष्टाचाराला सोडून आहे हे मला कळते. पण ताटात सगळेच गोड असून कसे चालेल? चकलीही लागते, आणि ती थोडी तिखट असावी लागते. वाचकांनी मला तेवढी मोकळीक द्यावी.

झाले असे. माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “काका, विज्ञानदिनी खोडदची दुर्बीण लोकांना पाहू देतात; चला.” खोडद जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात, पण आम्हा पारनेरकरांना ते परके नाही. आमचा नगर जिल्हा (आता सरकारदरबारी अहिल्यानगर) आणे पठाराच्या अंगाने संपतो आणि जुन्नर तालुका सुरू होतो, एवढेच काय ते अंतर. आम्ही गेलो, पाहिले, आणि परतताना आळेफाट्यावर गाडीची वाट पाहत बसलो. शेजारी संगमनेरकडचे एक शेतकरी गृहस्थ होते. कोठून आलात, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांचा चेहरा आंबला. पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगाव-संगमनेरकडून जायचा मार्ग या दुर्बिणीच्या अडचणीमुळे बाजूला ठेवल्याचे रेल्वे खात्याने सांगितले, तेव्हापासून त्या भागात दुर्बिणीचे नाव काढणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे झाले आहे.

“त्या ताटल्यांपायी आमची गाडी गेली बघा, बाबा,” ते म्हणाले. “आन् ताटल्या तरी कसल्या? माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला हाय तशी जाळी! त्यातून आरपार आभाळ दिसतंय. तिच्यात काय अडकणार?”

हे पहिले वाक्य. दुसरे माझ्या पुतण्याचे. त्या गृहस्थांची समजूत घालावी म्हणून तो हसून म्हणाला, “अहो, तेच तर कौतुक आहे! परदेशात लेसरने मोजून कोट्यवधींच्या तबकड्या करतात. आपण जाळी आणि दोऱ्यांवर भागवले. शुद्ध देशी जुगाड!”

पहिल्या वाक्याचा मला राग आला नाही. रेल्वे कोठून न्यावी हे ठरवणे माझ्या अधिकारातले नाही. संगमनेर-अकोल्याच्या माणसाला गाडी हवी आहे, आणि ती हवी असण्यात गैर काहीच नाही. त्यांचा प्रश्न तर फारच चांगला होता, त्याचे उत्तर मी देणार आहे. राग आला तो कौतुकाचा. ज्याने आयुष्यभर माप घेतले त्याच्यासमोर मापाच्या कामाला जुगाड म्हणणे, म्हणजे गवयाच्या तोंडावर ‘वा, काय छान ओरडता!’ म्हणण्यासारखे आहे.

आधी जाळीचा प्रश्न. रव्याच्या चाळणीतून लाडू पडेल काय? खोडदची दुर्बीण ज्या रेडिओ लहरी ऐकते, त्यांची लांबी सुमारे २ मीटरपासून २१ सेंटिमीटरपर्यंत असते. जाळीची भोके मध्यभागी १० मिलिमीटरची, मग १५ ची, आणि कडेला २० ची. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ही जाळी भिंतीसारखीच आहे. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. तिला प्रत्येक भोक म्हणजे वेशीचा दरवाजा. म्हणून आपल्याला आरपार आभाळ दिसते, आणि त्याच आभाळातून आलेली रेडिओ लहर मात्र जाळीवर आपटून परत फिरते. जाळीतून जातो तो फक्त वारा. आणि तो जावा अशीच योजना आहे. अशा ३० तबकड्या तेथे आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढे अखंड पत्र्याचे सूप वाऱ्यात उभे करायचे तर त्याला पेलणारा सांगाडा किती जड करावा लागेल, याचा विचार ज्याच्या घरावरचा पत्रा वळवाच्या वाऱ्यात एकदा तरी उडाला आहे त्याने करावा.

आता खरी गोष्ट. तबकडी नुसती असून उपयोग नाही. तिचा आकार बरोबर असावा लागतो. शाळेच्या भूमितीत ज्याला अन्वस्त म्हणतात तो आकार. त्याचा गुण असा, की आकाशातून सरळ येणाऱ्या लहरी तबकडीवर कोठेही आदळल्या तरी केंद्राशी एकाच वेळी पोचतात. दिंडीत शंभर टाळकरी असतात, पण टाळ एकच वाजल्यासारखा ऐकू येतो, तसे. आता जाळी एखाद्या जागी एक सेंटिमीटर खचली समजा. तिथे आपटणाऱ्या लहरीला जाताना एक आणि येताना एक, असे जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त चालावे लागते. तिचा टाळ मागाहून पडतो. असे थोडे झाले तर आवाज मंद होतो. फार झाले तर नुसता गोंगाट.

किती चुकले तर चालते? याचे गणित जॉन रूझ या अमेरिकन इंजिनिअरने मांडले आहे. पृष्ठाची सरासरी चूक लहरीच्या विसाव्या भागाइतकी असेल तर हाती येणारे बळ दोन-तृतीयांश राहते. सोळाव्या भागाइतकी असेल तर निम्म्याहून थोडे अधिक. चूक आठव्या भागावर गेली की दहावा हिस्सासुद्धा उरत नाही! चूक सोळाव्यावरून दुप्पट होऊन आठव्यावर आली एवढेच. पण फळ निम्मे झाले नाही, जवळजवळ गेलेच. ‘थोडेसेच तर चुकले आहे’ म्हणणाऱ्या सर्व मंडळींनी हे गणित देवघरात लावून ठेवावे.

२१ सेंटिमीटरचा विसावा भाग म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे खोडदच्या तबकडीला सेंटिमीटरभराची शिस्त पुरते. ती मिलिमीटरची करणे हा निव्वळ पैशाचा धूर. नेमके हेच गोविंद स्वरूप यांनी ओळखले. त्यांनी १९६५ साली आपल्या कल्याणला सहा-सहा फुटांच्या ३२ जुन्या ऑस्ट्रेलियन तबकड्या मांडून सूर्याचे निरीक्षण सुरू करविले; १९७० साली उटीच्या डोंगर-उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, तिचे पृष्ठ ११०० बारीक पोलादी तारांचे; आणि मग खोडद. मध्यभागापासून निघालेल्या १६ पोलादी कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर, आणि त्या दोरांना बांधलेली अर्ध्या मिलिमीटरहून जराशा जाड तारेची जाळी. आपल्या आकाशकंदिलाला कामट्या असतात, कामट्यांवर दोरा ताणतात, दोऱ्यावर कागद बसवतात, तसे. फरक इतकाच, की येथे प्रत्येक दोर किती ताणावा हे आधी कागदावर काढलेले होते.

याला जुगाड म्हणायचे? जुगाड म्हणजे बसत नाही ते ठोकून बसवणे आणि कोणी विचारू नये अशी प्रार्थना करणे. त्यात माप नसते, म्हणूनच ते स्वस्त असते. खोडदची जाळी स्वस्त आहे ती माप नसल्यामुळे नव्हे, माप नेमके असल्यामुळे. किती अचूक लागते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कमीत भागवण्याचा अधिकार आहे. बाकीच्यांचे कमीत भागवणे म्हणजे नुसती कसर. याच जाळीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली, एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर पकडल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. मूळची २१ सेंटिमीटरची ती लहर विश्वाच्या प्रसरणात ताणून ४८ सेंटिमीटरची झाली होती. जुगाडाने खुराड्याचे दार बसते, वाचकहो. एवढ्या लांबचा निरोप त्यात सापडत नाही.

इतके ऐकल्यावर पुतण्या दुसऱ्या टोकाला गेला. “मग लेसर असता तर आणखी चांगले झाले असते!” हे आमच्या शिकलेल्या लोकांचे दुसरे दुखणे. एक तर जुगाडाची आरती, नाही तर परदेशी यंत्राची. तेव्हा लेसरचेही खरे-खोटे पाहू.

अमेरिकेत ग्रीन बँक येथे २००० साली पुरी झालेली १०० मीटर रुंद आणि ११० मीटर लांब तबकडी आहे. ती मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या लहरी ऐकते. म्हणून तिच्या पृष्ठाची चूक पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी शिस्त, दोन एकरांहून मोठ्या पत्र्यावर! आणि तो पत्रा स्थिर कोठे आहे? तबकडी एका बाजूला कलली की आपल्याच वजनाने वाकते. ऊन लागले की पोलाद वाढते: १०० मीटर पोलाद २० अंशांनी तापले तर २४ मिलिमीटर. एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली पडली की आकार मोडलाच. म्हणून तिचे २००४ पत्रे एकाला एक जोडून टाकलेले नाहीत. त्यांच्या कोपऱ्यांखाली २२०९ छोटी यंत्रे आहेत, ती पत्रा वर-खाली सरकवतात. पण किती सरकवायचा हे सांगणार कोण? त्यासाठी माप हवे, आणि ते माप घ्यायला लेसर.

लेसरचे माझ्यापुढे कौतुक करू नये. मी त्याच्याबरोबर नोकरी केली आहे. १९७२ च्या दुष्काळात मी मोजणीच्या कामाला लागलो तेव्हा हातात साखळी होती. मग पोलादी फीत आली, आणि निवृत्तीच्या आधी किरणाने अंतर मोजणारे यंत्र आले. समोर आरसा धरायचा, किरण जातो, परत येतो, अंतर पुढ्यात. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. एवढी घाई घड्याळाने मोजणे कठीण, म्हणून किरणाची तेजी ठराविक तालावर कमी-जास्त करतात आणि परतलेला ताल गेलेल्या तालाशी ताडून पाहतात. युक्ती सुंदर आहे. पण या किरणालाही हवेतून जावे लागते, आणि हवा एका अंशाने तापली की मापात दहा लाखांत एकाचा फरक पडतो. भर दुपारी मुरमाड माळावर आमचे आकडे कसे नाचत ते मी पाहिले आहे. ग्रीन बँकेच्या मंडळींनी आरंभी तबकडीभोवती लेसर उभे करून पृष्ठ मोजण्याची मोठी योजना आखली होती. त्या योजनेवर पृष्ठाचे नित्य काम चालवता आले नाही. मग त्यांनी काय केले? लपवले नाही. तबकडी आकाशातल्या तेजस्वी स्रोताकडे रोखून, येणाऱ्या लहरींवरूनच पृष्ठाचा दोष शोधण्याची रीत घेतली. आणि अलीकडे बाजारात मिळणारे लेसर-स्कॅनर लावून सगळे पृष्ठ काही मिनिटांत मोजण्याचा मार्ग धरला. आधी माप, मग दुरुस्ती, मग पुन्हा माप. त्यांचा खरा दागिना लेसर नव्हे. ‘पुन्हा’ हा शब्द आहे.

जर्मनीतील एफेल्सबर्गची १०० मीटरची तबकडी याहून शहाणी. १९७२ पासून ती काम करते आहे. पोलाद वाकणारच, हे तिच्या बांधणाऱ्यांनी आधीच मान्य केले. आणि सांगाडा असा रचला की तो वाकला तरी एका अन्वस्तातून दुसऱ्या अन्वस्तात जावा. मग फक्त केंद्राची जागा थोडी सरकवायची. वाकणार नाही अशी प्रतिज्ञा न करता, वाकण्याचा हिशेब ठेवणे! आमच्या कित्येक संस्थांना आणि संसारांनाही हे शिकता येईल.

आणि परदेशी आहे म्हणून पडत नाही, हेही खोटे. ग्रीन बँकेचीच आधीची ३०० फुटी तबकडी १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री एक जोडपट्टी तुटल्याने भुईसपाट झाली. पोर्तो रिकोतील अरेसिबोची प्रचंड दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तिचे दोर आपल्या खोबणीतून सरकू लागल्याचे आधी दिसले होते; त्या सरकण्याचा अर्थ वेळेवर लावला गेला नाही, असे २०२४ च्या चौकशी-अहवालात नमूद झाले आहे. माप न घेणे हे एक पाप. घेतलेले माप न ऐकणे हे दुसरे.

हे सारे मी कोणत्या अधिकाराने बोलतो, असे कोणी विचारील. तर ऐका. १९७२ साली आमच्या भागात पाझर तलावांची कामे निघाली. बाया-माणसे दिवसभर माती खणत, आणि संध्याकाळी खड्ड्याच्या मापावर पैसे मिळत. मध्ये मातीचा एक उभा खुंट न खणता ठेवायचा, त्यावरून खोली मोजायची. माझा टेप दोन बोटे ढिला धरला गेला तर कोणाच्या तरी घरी एक भाकरी कमी भाजली जाई. माप म्हणजे भाकरी, हे मी विद्यापीठात शिकलो नाही.

पुढे अशाच एका तलावावर मी होतो. मातीचा बांध नवा असताना दबतो, हे प्रत्येक ओव्हरसियरला ठाऊक असते. म्हणून त्याचा माथा थोडा चढ ठेवतात. पण किती दबला, कोठे दबला, हे पुन्हा पातळी घेतल्याशिवाय कळत नाही. दर उन्हाळ्यात माथ्याची पातळी घ्यावी, असे मी वर लिहिले. उत्तर आले: काम पूर्ण होऊन अंतिम देयक अदा झाले आहे, सबब मोजमापाची आवश्यकता नाही. कोणाचे उत्तर, ते विचारू नका; तसे उत्तर लिहिणारी टेबले पुष्कळ आहेत. तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी भाद्रपदात एका रात्री ढग फुटला. बांध एका जागी वीतभर दबला होता. पाणी तेथूनच माथ्यावर चढले आणि पहाटेपर्यंत बांधाला खिंडार पडले. माणूस कोणी गेले नाही, देवाची कृपा. पण खालच्या दोन विहिरी गाळाने भरल्या आणि एका विधवा बाईचा दोन एकर कांदा रोपासकट वाहून गेला. सकाळी ती मला म्हणाली, “साहेब, तुम्ही मोजलं होतं ना?”

मोजले होते, एकदा. त्या उत्तराचा कागद दाखवून मी मोकळा होऊ शकलो असतो, आणि कचेरीत झालोही. पण लेव्हलचे यंत्र माझ्याच खोलीत होते, आणि तीन वर्षांत दीडशेहून अधिक रविवार येऊन गेले होते. एका रविवारी मी जाऊन पातळी घेऊ शकलो असतो. गेलो नाही. तेव्हा हे भांडण केवळ दुसऱ्यांशी नाही.

काही जण म्हणतील, कुठे आकाशाची दुर्बीण आणि कुठे पारनेरचा मातीचा बांध! मी म्हणतो, दोन्हीकडे पृथ्वीचे वजन तेच, ऊन तेच, आणि ‘एकदा केले, आता झाले’ म्हणण्याचा मोहही तोच. कोणी म्हणेल, पुन्हा पुन्हा मोजायला पैसा कोठून आणायचा? बांधाच्या माथ्याची पातळी घ्यायला दोन माणसे आणि एक सकाळ पुरते. खिंडार बुजवायला किती लागले ते मी सांगत नाही. वाचकांनी आपापल्या गावचे आठवावे. आणखी कोणी म्हणेल, गरीब देशाने आधी पाणी पाहावे, तारे मागाहून. त्यांना माझे उत्तर असे की, ज्या सवयीने तारा ऐकू येतो त्याच सवयीने पाणी टिकते. सवय एकच आहे. ती खोडदला ठेवून आमच्या बांधावर आणायची नाही, असा काही नियम आहे काय?

माझी मागणी लहान आहे. आपल्याकडे प्रत्येक तलावावर, पुलावर, शाळेवर उद्घाटनाची शिळा असते. तिच्यावर मान्यवरांची नावे असतात, खुशाल असोत. त्यांच्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: बांधाच्या माथ्याची, पुलाच्या खांबाची वा भिंतीच्या ओळंब्याची पातळी बांधली तेव्हा किती होती, आणि ती पुन्हा कोणत्या महिन्यात मोजायची. जागा उरली तर मागच्या वेळी कोणी मोजली, त्याचे नाव. नाव लागणार म्हटल्यावर पुष्कळ माणसे उन्हातसुद्धा नीट मोजतात, हा माझा अनुभव आहे.

पुतण्याशी भांडण अर्धे मिटले आहे. दिवाळीत तो येईल तेव्हा आम्ही घरीच कंदील करणार आहोत. कामट्या मी तासून ठेवल्या आहेत, दोरा तो ताणणार आहे, आणि कागद चिकटवण्याआधी दोघे मिळून प्रत्येक कड मोजणार आहोत. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्या पुजतात. माझ्याकडे व्यापार नाही. एक जुने मोजमापाचे पुस्तक आहे. दरवर्षी मी ते पाटावर ठेवतो. पाडव्याला मात्र यंदा ते पिशवीत घालून त्या बांधावर जायचे ठरवले आहे. बांध केव्हाच दुरुस्त झाला. पण त्यानंतर त्याची पातळी कोणी घेतल्याची नोंद मला सापडलेली नाही. यंत्र पुतण्या आणणार आहे. त्याच्या मित्राचे आहे, लेसरचे. चालेल. पट्टी मी धरीन.